पुढची ट्रॉली गिअरबॉक्सला दिसत नाही

दसरा-दिवाळी जवळ आली, सोयाबीनचे पैसे हातात यायला लागले की एकच प्रश्न सगळीकडं फिरतो. नवी गाडी ऑटोमॅटिक घ्यावी का मॅन्युअल? आणि उत्तरं मिळतात ती पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमधली. तिथं दर शंभर फुटांवर ब्रेक, म्हणून ऑटोमॅटिक घ्या. तिथल्यापुरतं ते बरोबरच आहे. पण गेवराई, सेलू, वसमत, उदगीरला राहणाऱ्या माणसाची गाडी सिग्नलवर उभी नसते. ती उसाच्या ट्रॉलीमागं असते, घाटात असते, नाहीतर पांदण रस्त्यानं आखाड्यावर चाललेली असते. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या दोनपदरी रस्त्यावर मॅन्युअलचं पारडं अजून जड आहे. आणि ऑटोमॅटिक घ्यायचीच असेल तर आधी कोणती ऑटोमॅटिक हे ठरवा, बाकीची चर्चा नंतर.

शोरूममध्ये सगळ्यांना एकाच नावानं विकतात, तिथंच घोळ होतो. २०१० साली औरंगाबादकरांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हा ऑटोमॅटिक म्हणजे मोठ्या लोकांची चैन होती. २०१४ मध्ये मारुतीनं सेलेरिओत एएमटी आणली आणि ऑटोमॅटिक मध्यमवर्गाच्या दारात आली. पण ही एएमटी म्हणजे मर्सिडीजमधली ऑटोमॅटिक नव्हे. एएमटीत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लच प्लेट तीच, प्रेशर प्लेट तीच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला हात-पायाऐवजी यांत्रिक हात म्हणजे अ‍ॅक्च्युएटर बसवलाय आणि त्याला हुकूम देणारा एक छोटा कॉम्प्युटर. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये क्लच प्लेटची जागा तेलानं घेतलेली असते. इंजिनाची ताकद तेलातून पुढं जाते, म्हणून ती गाडी लोण्यासारखी सुटते. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात, पट्टा आणि लहान-मोठ्या होणाऱ्या पुल्या. डीसीटीत दोन क्लच, एक चालू गिअर धरून बसतो आणि दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो. या चौघांचे स्वभाव इतके वेगळे आहेत की एकाचा अनुभव दुसऱ्याला लावणं म्हणजे फसवणूक आहे.

आता मुद्द्याचं बोलू. नोव्हेंबर ते मार्च आपल्या रस्त्यावर काय असतं ते डोळ्यासमोर आणा. पुढं ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, मागचा दिवा उसात गडप, वेग २० च्या आसपास. सगळं मिळून पंधरा-सोळा मीटर लांबीचं हे प्रकरण ओलांडायचंय. तुम्ही मागं २५ नं चाललाय. मॅन्युअलवाला काय करतो? रस्ता मोकळा दिसायच्या आधीच दुसरा गिअर टाकून बसतो. इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास तयार असतं. संधी दिसली की रेस दाबायची, गाडी तिथल्या तिथं उचलते आणि ५० च्या आसपास तिसरा टाकेपर्यंत ट्रॉली मागं पडलेली असते.

हेच एएमटीत D मध्ये, म्हणजे गिअर गाडीवर सोडून, करून पाहा. पाय हलका होता म्हणून तिनं एव्हरेज वाचवायला तिसरा टाकलेला असतो. तुम्ही बाहेर निघता, रेस दाबता. कॉम्प्युटर विचार करतो, क्लच सोडवतो, ताकद तुटते, दुसरा गिअर बसतो, क्लच परत धरतो. सगळं मिळून एखादा सेकंद. समोरून ६० नं येणारी एसटी त्या एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढं येते, म्हणजे स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त. त्यात तुम्ही घाबरून मध्येच पाय काढला तर गाडीला वाटतं, घाई संपली, आणि ती वरचा गिअर टाकून मोकळी होते. परत दाबलं की परत तेच.

यात एएमटीचा दोष काढण्यात अर्थ नाही. गिअरबॉक्सला फक्त तुमचा पाय, इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग कळतो. पुढची ट्रॉली, समोरची एसटी, साइडपट्टीवरून अचानक आत येणारी मोटारसायकल तुम्हाला दिसते, त्याला नाही. मॅन्युअलची खरी ओढ मला इथं वाटते. "गाडीवर कंट्रोल असतो, मजा येते" एवढ्यावर लोक थांबतात, पण गिअर गरजेच्या आधी टाकता येतो ही त्यातली नेमकी गोष्ट आहे. म्हणून एएमटी असेल तर ओव्हरटेकच्या आधी लिव्हर M वर, म्हणजे मॅन्युअलवर घ्या, स्वतः दुसरा टाका, आणि मगच नाक बाहेर काढा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हा उशीर कमी जाणवतो, कारण गिअर बदलताना ताकद पूर्ण तुटत नाही. डीसीटी तर वेगात सगळ्यांत चपळ. सीव्हीटी आधी इंजिनाचा आवाज वाढवते आणि गाडी मागून येते. लहान इंजिन, पाच माणसं आणि चालू एसी असेल तर तिच्या भरवशावर तंग जागेत घुसू नका.

एएमटीवाल्यांसाठी अजून एक, कारण सगळ्यांत जास्त विकली जाते तीच आणि सगळ्यांत चुकीची वापरली जातेही तीच. चढावर गाडी थांबली की पुष्कळजण ब्रेक न दाबता रेसवर गाडी धरून ठेवतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हे थोडा वेळ चालून जातं, तेल तापतं एवढंच. एएमटीत तो हाफ क्लचच असतो! तुमचा पाय क्लचवर नाही म्हणून प्लेट घासायची थांबत नाही. जळका वास येतो, मग इशारा लागतो, आणि फार झालं तर गाडी पुढं जायला नकार देते. चढावर ब्रेकच दाबून धरायचा, हिल होल्ड (चढावर गाडी मागं न जाऊ देणारी सोय) नसेल तर हँडब्रेक ओढायचा, आणि सुटताना रेस देत हँडब्रेक सोडायचा. गर्दीत फूट-फूट सरकत राहण्याऐवजी पुढं दोन गाड्यांची जागा होऊ द्या आणि एका दमात पुढं घ्या. कोरड्या क्लचच्या डीसीटीलाही हेच लागू, तिच्या गरम होण्याच्या बहुतेक तक्रारी या सरकत राहण्यातूनच येतात. आणि एएमटी गिअर बदलताना डोकं पुढं-मागं हलतं ना, तर बदलाच्या क्षणाला रेस किंचित सैल करा. झटका बराच कमी होतो.

मॅन्युअलवाल्यांनीही फार खूश होऊ नये. डावा पाय कायम क्लचवर टेकवून चालवणारे घरटी एक सापडतील. त्यानं रिलीज बेअरिंग जातं आणि प्लेट अर्धवट घासत राहते. हात कायम गिअरच्या दांड्यावर ठेवला की आतल्या सिलेक्टर फोर्कवर विनाकारण दाब राहतो. प्लेट घासली का हे बघायची साधी रीत अशी आहे: सपाट मोकळ्या जागी पुढं-मागं कोणी नाही हे बघून हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट ठीक. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. आणि "क्लच दाबून पाय दुखतो, आता ऑटोमॅटिकच घेतो" म्हणणाऱ्यानं आधी हेच बघावं, कारण प्लेट झिजत जाते तसा पेडल जड होत जातो. केबलवर चालणारा क्लच असेल तर कोरडी पडलेली केबलही तोच त्रास देते. केबल बदलायला किती लागतं आणि गाडी बदलायला किती लागतं, हिशेब तुमचा तुम्ही करा.

घाटाचं थोडक्यात. मांजरसुंबा, तुळजापूर, कन्नडचा औट्रम घाट, कुठंही नियम एकच: ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरा. मॅन्युअलमध्ये टाकलेला गिअर तसाच राहतो. ऑटोमॅटिक D मध्ये सोडली की उतारावर ती वरचा गिअर धरते, इंजिन गाडीला अडवत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चार वळणांनंतर लायनरचा वास, मग पेडल मऊ. M, L किंवा 2, खालचा गिअर धरून ठेवणारं जे असेल ते आधीच लावा. आणि डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रलवर गाडी सोडायची जी सवय आपल्याकडं आहे, ती कृपा करून सोडा. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि इंजिनाचा ब्रेक तेवढा हातचा जातो.

पावसाळ्यात काळ्या मातीत मात्र मॅन्युअलला तोड नाही, हे मी ठामपणे म्हणतो. ही माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो, मग नवा टायर आणि घासलेला टायर सारखाच. तिथं पहिल्या गिअरमध्ये रेस मारली की चाक जागेवर फिरतं आणि खड्डा करतं. दुसरा गिअर टाकायचा, क्लच हळू सोडायचा, रेस नावाला. अडकलीच तर पुढं-मागं झुलवून बाहेर काढायची. क्लच किती आणि कधी धरायचा हे इथं पायाला कळतं. एएमटीत ते अ‍ॅक्च्युएटर ठरवतो आणि चिखल त्याला कळत नाही. दोन-चारदा झुलवलं की क्लच तापतो. टॉर्क कन्व्हर्टर त्या मानानं बरी, ताकद हळूच पोचवते. कुठलीही गाडी असो, ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण असेल तर चिखलात दाबा. नाहीतर चाक फिरायला लागलं की गाडी स्वतःच ताकद कापते आणि तुम्ही जागेवरच.

आता ऑटोमॅटिकच्या बाजूनं, मनापासून. ज्याचं रोजचं जाणं-येणं संभाजीनगरच्या जालना रोडवर किंवा वाळूज एमआयडीसीच्या शिफ्ट सुटायच्या वेळेला आहे, ज्याचा गुडघा गेलाय, ज्या घरात आई-वडील स्वतः गाडी चालवतात, त्यांनी खुशाल ऑटोमॅटिक घ्यावी. बजेट असेल तर टॉर्क कन्व्हर्टर घ्यावी. ४२-४३ डिग्रीच्या उन्हात तासभर क्लच दाबून थकलेला माणूस चुका करतो, हेही सुरक्षेचंच गणित आहे. फक्त पहिले काही दिवस डावा पाय सीटकडं मागं ओढून ठेवा. क्लच समजून डाव्या पायानं ब्रेक दाबला जातो, गाडी जागेवर थांबते आणि मागचा येऊन आदळतो. D मध्ये ब्रेक सोडला की बहुतेक गाड्या आपोआप सरकतात, म्हणून पार्किंगमध्ये पाय कायम ब्रेकवरच. समृद्धीवर ११०-१२० नं जायला कुठलाही गिअरबॉक्स चालतो, तिथं टायरची हवा बघा.

बंद पडल्यावर काय, हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. बॅटरी उतरलेली पण दिवे मंद लागतात अशी मॅन्युअल गाडी चावी चालू करून, दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून ढकलायची. वेग आला की क्लच सोडायचा, सुरू होते. ऑटोमॅटिकला धक्का चालत नाही. एएमटी गिअरमध्ये लावून ठेवली आणि बॅटरी पूर्ण गेली तर पुढची चाकंही जाम. आधी दुसऱ्या बॅटरीवरून करंट द्यावा लागतो. आणि आपल्याकडची खास रीत, ट्रॅक्टरला दोर बांधून तालुक्यापर्यंत ओढत न्यायची, ती टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीत अजिबात करू नका. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा तेलाचा पंप बंद, आणि चाकं फिरतायत म्हणजे आतले भाग कोरडे घासतायत. ओढणारी चाकं उचलून किंवा सरळ ट्रकवर घालूनच न्या.

खर्चाचं म्हणाल तर एएमटीला त्याच गाडीच्या मॅन्युअलपेक्षा साधारण ५० हजार जास्त पडतात, टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीला लाख-दीड लाख. एव्हरेजचा फरक एएमटीत नगण्य. खरा फरक गॅरेजला पडतो. मॅन्युअलचा क्लच सेट अंबाजोगाईचाच काय, कुठल्याही तालुक्याचा मिस्त्री अर्ध्या दिवसात बदलतो. एएमटीत प्लेट बदलल्यावर स्कॅनर लावून कॉम्प्युटरला नवी प्लेट "शिकवावी" लागते. ते न करता गाडी ताब्यात घेतली तर नवी प्लेट असूनही झटके, मध्येच न्यूट्रल, आणि मग मिस्त्रीशी भांडण. आधी विचारा, स्कॅनर आहे का. टॉर्क कन्व्हर्टरचं तेल "आयुष्यभर बदलायची गरज नाही" असं कोणी सांगितलं तर गाडीचं पुस्तक उघडून कडक वापराचा तक्ता बघा. धूळ, ऊन, घाट, भरलेली गाडी, हा आपला रोजचा वापर तिथं कडकच धरलेला असतो. आणि सीव्हीटीत सीव्हीटीचंच तेल, दुसरं कुठलंच नाही.

टेस्ट ड्राइव्हला सेल्समन गाडी सरळ रिंगरोडला नेतो. तुम्ही पाच माणसं बसवा, एसी चालू करा आणि एखाद्या उड्डाणपुलाचा चढ गाठा. चढावर थांबवा, परत काढा, मागं किती सरकते बघा. मग मोकळ्या रस्त्यावर ३० नं चालवत एकदम पूर्ण रेस दाबा आणि गाडी उचलेपर्यंत "एक हजार एक" (साधारण एक सेकंद) मनात म्हणून होतंय का ते मोजा. शेवटी रिव्हर्समध्ये चढावर घ्या आणि काच खाली करून क्लचचा जळका वास येतोय का बघा. जुनी एएमटी घेत असाल तर ही रिव्हर्सची परीक्षा झाल्याशिवाय इसार देऊ नका.