पाळी जाण्याच्या वयातील अर्धशिशी : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

चाळिशीनंतरच्या अर्धशिशीवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. बायकांच्या प्रत्येक दुखण्याचे खापर हार्मोन्सवर फोडले जाते आणि घरातील ओझे, जागरण, पित्त ही खरी कारणे बाजूला राहतात, हा पहिला. पाळी गेल्यावर बहुतेकींना आराम पडतो असे मी लिहिले. परंतु आपल्या वहिनींची पिशवी काढल्यावर त्यांचे डोके अधिकच दुखू लागले, हा दुसरा. आणि हार्मोनच्या उपचारांचा उल्लेख करून मी वाचकांना धोक्याच्या वाटेला नेत आहे, हा तिसरा.

पित्ताविषयी आधी लिहितो. मळमळ आणि उलटी हा अर्धशिशीच्या झटक्याचाच भाग असतो. झटक्याच्या काळात जठराची हालचाल मंदावते, म्हणून उशिरा घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही. पित्त आधी आणि डोके मागून, असा क्रम आपल्याला वाटत असला तरी पुष्कळदा दोन्ही एकाच झटक्याची लक्षणे असतात. जागरण, उपास, ऊन, मनावरचा ताण यांनी झटका येतो हे मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र तेच जागरण महिन्याच्या एका आठवड्यात सोसते आणि दुसऱ्या आठवड्यात का सोसत नाही, याचे उत्तर केवळ ओझ्यात सापडत नाही. वयात येण्यापूर्वी मुलगे आणि मुली यांच्यात अर्धशिशीचे प्रमाण जवळपास सारखे असते. पुढे मात्र स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते. ऑस्ट्रेलियातील संशोधक सॉमरव्हिल यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे महत्त्वाचा आहे. पाळीच्या सुमारास डोके दुखणाऱ्या स्त्रियांना त्यांनी पाळीपूर्वी इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे इंजेक्शन दिले, तेव्हा पाळी वेळेवर आली, पण डोकेदुखी लांबली. प्रोजेस्टेरॉन हे दुसरे स्त्री-हार्मोन दिल्यावर पाळी लांबली, डोकेदुखी मात्र ठरल्या वेळीच आली. म्हणजे झटक्याला निमित्त होते ते इस्ट्रोजेनच्या घसरणीचे.

चाळिशीनंतर हीच घसरण अनियमित होते. पाळी कायमची जाण्यापूर्वी काही वर्षांचा जो संक्रमणकाळ असतो, त्यात इस्ट्रोजेन हळूहळू कमी होत जाते अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ते कधी तरुणपणापेक्षाही वर चढते आणि मग एकाएकी खाली येते. अर्धशिशी असलेल्या अमेरिकन स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत, महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस डोके दुखणाऱ्यांचे प्रमाण नियमित पाळीच्या गटात सुमारे ८ टक्के, तर संक्रमणकाळातील गटात सुमारे १२ टक्के आढळले. शिवाय रात्री अंगातून वाफा येऊन झोपमोड होते, आणि आपण म्हणता ते घरातील ओझे, वृद्ध सासू-सासऱ्यांची शुश्रूषा, मुलांच्या परीक्षा हे सारे नेमके याच वयात येऊन पडते. आपले म्हणणे आणि माझे म्हणणे येथे एकमेकांना पूरक आहे.

एखाद्या दिवशी रक्त तपासून या चढउताराचा पत्ता लागत नाही. पंचेचाळिशीनंतर नेहमीची लक्षणे असतील तर त्या तपासणीची सहसा गरजही नसते. भिंतीवरच्या कालनिर्णयावर तीन-चार महिने पाळीचे दिवस, डोकेदुखीचे दिवस आणि घेतलेल्या गोळ्या यांच्या खुणा केल्या, तर डॉक्टरांना त्यातून कितीतरी अधिक कळते. गोळ्यांची खूण मी आवर्जून सांगतो. साधी वेदनाशामके महिन्यातून पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त, आणि कॅफीन वगैरे मिसळलेल्या संयुक्त गोळ्या किंवा ट्रिप्टान (खास अर्धशिशीच्या झटक्यावरची औषधे) दहा दिवस किंवा त्याहून जास्त, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, तर औषधामुळेच डोके दुखू लागण्याची शक्यता असते.

आता आपल्या वहिनींविषयी. त्यांचा अनुभव माझ्या विधानाच्या विरोधात जात नाही, कारण ते विधान नैसर्गिकरीत्या पाळी गेलेल्या स्त्रियांबद्दल होते. बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे मानतात, आणि त्यानंतर चढउतार निवत गेला की पुष्कळ स्त्रियांना, विशेषतः ज्यांचे दुखणे पाळीशी बांधलेले होते त्यांना, उतार पडतो. गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशय काढले, तर मात्र अनेक वर्षांत व्हायची घसरण एका शस्त्रक्रियेत होते आणि अशा स्त्रियांची अर्धशिशी बळावण्याचा संभव अधिक असतो. म्हणूनच ‘पिशवी काढा, डोके थांबेल’ हा सल्ला मला संतापजनक वाटतो. आपल्या राज्यात हा विषय किरकोळ नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली, तेव्हा पाहणीतील ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यांतील कित्येकींना पुढे होणारा त्रास कोणी विचारलाही नसेल.

धोक्याबाबत आपली काळजी रास्त आहे. २००२ मध्ये हार्मोन उपचारांची अमेरिकेतील मोठी चाचणी मुदतीपूर्वी थांबवली गेली, तेव्हापासून ही भीती पसरली. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि त्यांना इस्ट्रोजेन तोंडावाटे दिले जात होते. त्वचेवर लावायच्या पट्टीतून किंवा जेलमधून ते यकृताला वळसा घालून रक्तात जाते, पातळी अधिक स्थिर राहते आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही गोळीपेक्षा कमी दिसतो. तरीही केवळ अर्धशिशीसाठी हा उपचार सुरू करत नाहीत. त्यासाठी प्रोप्रॅनोलॉल, ॲमिट्रिप्टिलीन यांसारखी प्रतिबंधक औषधे आहेत, आणि वेनलाफॅक्सिनने डोकेदुखी व अंगातील वाफा या दोन्हींना उतार पडू शकतो. मला खरी चिंता वाटते ती वेगळ्या गोष्टीची. या वयात अनियमित रक्तस्रावासाठी इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या दिल्या जातात. झटक्यापूर्वी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा येत असतील किंवा हाताला, जिभेला मुंग्या येत असतील, तर या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो आणि त्या घेऊ नयेत. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी स्त्रीने हे आपणहून सांगावे.

वहिनींचे डिस्चार्ज कार्ड घरी असेल तर कृपया पाहावे. त्यावर केवळ गर्भाशय काढल्याची नोंद आहे की दोन्ही अंडाशयही काढले आहेत, आणि तेव्हा त्यांचे वय किती होते, हे कळले तर पुढील उपचाराची दिशा ठरवणे त्यांच्या डॉक्टरांना सोपे जाईल. पंचेचाळिशीच्या आत अंडाशय काढले असतील, तर हाडे आणि हृदय यांच्या दृष्टीनेही हार्मोन उपचाराचा विचार डॉक्टरांशी बोलून अवश्य करावा.