खुर्ची मागणं म्हणजे थेरं नव्हेत : वाळपईच्या मावशींना उत्तर

मावशी, नमस्कार.

गरोदरपणातल्या कामाच्या ताणावर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : तुम्ही दिवस भरत आले तरी लावणी केलीत, कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) पाणी लावलंत, पण 'ताण' हा शब्द तोंडी आणला नाहीत. आजच्या मुलींना माझ्यासारख्या बायका आणखी नाजूक करून ठेवतात, आणि ही थेरं अशीच चालली तर कंपन्या बायकांना कामावर घेणंच बंद करतील. शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमची नात गोव्यातच वेर्ण्याला औषध कंपनीत पॅकिंगला आहे, पाचवा महिना लागलाय, आणि माझा लेख वाचून ती घाबरली. म्हणून हे उत्तर तुमच्याइतकंच तिच्यासाठीही आहे.

तुमच्या कष्टांबद्दल दुमत नाही. पण तुम्हीच एक वाक्य लिहिलंय : 'दमले तर घटकाभर मेरेवर (शेताच्या बांधावर) बसायचे, पाणी प्यायचे, पुन्हा उठायचे.' मावशी, माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. तुमच्या नातीच्या कामाच्या जागी मेर नाही.

अशाच एका कारखान्यात मी बरीच वर्षं क्वालिटीला काम केलंय. आत जाताना टोपी, मास्क, गाऊन, बुटांवर कव्हर असं सगळं चढवावं लागतं. आत पाण्याची बाटली नेता येत नाही. लघवीला जायचं तर हे सगळं उतरवा, जाऊन या, हात धुवा, पुन्हा सगळं चढवा. तोवर पॅकिंगचा पट्टा पुढे सरकत असतो, म्हणून आपल्या जागी उभी राहायला कोणीतरी शोधायचं आणि तिच्याकडे वेळ नसला तर सुपरवायझरच्या तोंडाकडे बघायचं. यावर मुली काय उपाय काढतात ठाऊक आहे? पाणीच पीत नाहीत. आमच्या लाइनवरची एक सहा महिन्यांची गरोदर मुलगी सकाळी घरून घोटभर चहा घेऊन निघायची, ती थेट जेवणाच्या सुट्टीत पाणी प्यायची. संध्याकाळी बसमध्ये चप्पल काढली की पट्ट्यांचे वळ पावलांत इतके खोल रुतलेले असायचे की बोट फिरवलं तर लागावेत. तिला पुढे लघवीचा संसर्ग झाला. गरोदरपणात हा संसर्ग दुर्लक्षिला तर तो मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो, आणि त्यातून दिवसांआधी कळा सुरू होण्याचा धोका वाढतो. ती मुलगी नाजूक मुळीच नव्हती. सुट्टीच्या दिवशी ती घरचं सगळं करून विहिरीचं पाणीही ओढायची.

1979 साली रॉबर्ट कारासेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने कामाच्या ताणाबद्दल जे मांडलं ते तुमच्या मेरेला अगदी लागू पडतं. काम खूप असणं एवढ्यानेच माणूस पिचत नाही. काम खूप, आणि ते कसं करायचं, कधी थांबायचं हे ठरवायची मुभा नाही, असं झालं की पिचतो. हॉटेलच्या रिसेप्शनवर हसतमुखाने आठ तास उभी असलेली मुलगी एसीत असते हे खरं, पण बसायची परवानगी तिलाही नसते.

आणि पूर्वी सगळं निभावलं म्हणतो तेव्हा आपण निभावलेल्यांनाच मोजतो. 1997-98 मध्ये देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे 398 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये तो आकडा 97 वर आला. दवाखाना, तपासण्या, लोहाच्या गोळ्या, वेळेवर मिळालेली गाडी या सगळ्यांनी ते घडवलं. बायका सोसत राहिल्या म्हणून नाही.

नोकऱ्या जातील ही तुमची भीती मात्र मी हलकी धरत नाही. मालक तसा विचार करतात, मी पाहिलंय. पण पॅकिंगच्या बहुतेक मुली ईएसआय या कामगारांच्या सरकारी विमा योजनेत येतात (पगाराची मर्यादा 2017 पासून 21,000 रुपये आहे), आणि तिथे 26 आठवड्यांच्या रजेचे पैसे ईएसआय देतं, कंपनीच्या खिशातून जात नाहीत. 'तू कंत्राटदाराची, तुला लागू नाही' असं तिला कोणी सांगितलं तर तेही खोटं. कायद्यात एजन्सीमार्फत लागलेली बाईही धरली आहे. आणि 2000 साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हा हक्क हजेरीपटावरच्या रोजंदार बायकांनाही दिला. त्या बायका रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या होत्या, तुमच्यासारख्याच काटक.

आता खुर्चीचं. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यातच हे कलम होतं आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे : प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्या मागचा एक महिना, म्हणजे साधारण तिसाव्या आठवड्यापासून, बाईने मागणी केली तर तिला कष्टाचं किंवा तासन् तास उभं राहण्याचं काम देता येत नाही. पुढच्या सहा आठवड्यांत ती रजेवर गेली नाही तर तेव्हाही नाही. आणि हलकं काम दिलं म्हणून पगार कापता येत नाही. यात एक अट आहे, मागणी तिने करायला हवी. न मागता कोणी खुर्ची आणून ठेवत नाही, आणि आपल्या मुली 'थेरं करते' हे ऐकायला लागेल म्हणून मागत नाहीत. तुमच्या शब्दाचं मला वाईट वाटलं ते यासाठी.

नात घाबरली असेल तर तिला एवढं सांगा की कामाच्या धावपळीने बाळाला इजा होतेच असं नाही. बहुतेक जणी काम करत करतच सुखरूप बाळंत होतात. मात्र सगळंच 'ताण' म्हणून अंगावर काढू नये. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा आणि हात अचानक सुजणं, रक्तदाब 140/90 किंवा वर, पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल कमी वाटणं, अंगावरून रक्त जाणं, यांपैकी काहीही झालं तर शिफ्ट संपायची वाट न बघता जवळच्या सरकारी इस्पितळात किंवा गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जायचं. दोन आठवडे झोप नाही, रडू थांबत नाही, असं असेल तर 14416 वर टेली-मानसला (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला) फोन करावा, पैसे पडत नाहीत.

ती पाचव्या महिन्यात आहे म्हणजे तिसाव्या आठवड्याला अजून वेळ आहे. तोवर डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यावी : दर दोन तासांनी बसणं, पाणी आणि लघवीची मोकळीक, जड खोके उचलायचे नाहीत. त्या चिठ्ठीला जोडून एचआरच्या नावे साधा अर्ज. सुपरवायझरला तोंडी सांगून चालत नाही, तो बदलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, सही आणि तारीख. आणि घरी आल्यावर रात्रीचं जेवण निदान आठवड्यातले काही दिवस दुसऱ्या कोणी करावं. हे तुम्ही सांगितलंत तर घरात ऐकतील, माझं कोणी ऐकणार नाही.

अर्ज इंग्रजीत लागेल. तिला इथेच खाली लिहायला सांगा, मजकूर मी तयार करून देते.