सहाशे वडापावांचा हिशेब

"रोज सहाशे वडापाव, १५ रुपयाला एक. महिन्याला २ लाख ७० हजार. टॅक्स शून्य. आणि आपण डिग्री घेऊन बसलोय!" हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा तिसऱ्यांदा आला. खाली निष्कर्षही होता: हातगाडीवाले कसले गरीब, फुकटे आहेत, हटवा त्यांना.

अहो, हा सगळा गल्ला झाला, कमाई कुठे? आमच्या नाक्यावरच्या मावशींकडे पहाटे चारला बटाटे उकडायला लागतात. सून लसूण सोलते, मिरच्या निवडते. तिची मजुरी कुठल्याच हिशेबात नाही. पावाची लादी देणारा, तेल, बेसन, सिलिंडर, घाणा काढणाऱ्या पोराची रोजी हे सगळं आधी चुकतं करायचं. जोराचा पाऊस लागला की केलेलं सारण फुकट जातं. सहाशेचा आकडा स्टेशनबाहेरच्या एखाद्या गाडीचा असेल. मावशींचे दीडशे खपले तरी दिवस चांगला गेला.

आता टॅक्स. खाद्यपदार्थ करून विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. मेसेजमधली गाडी ३२ लाखांची आहे, तिने नोंदणी केलीच पाहिजे. मावशींची उलाढाल आठ लाखांच्या आसपास. तरी व्यावसायिक सिलिंडरवर १८ टक्के आणि तेलावर ५ टक्के कर त्या भरतातच, आणि त्यातला एक रुपया परत मिळत नाही.

"हटवा" म्हणणाऱ्यांनी २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचावा. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. फूटपाथ मोकळा मलाही हवाय, पण त्यासाठी आधी जागा नेमून द्या.

राहिला गरिबीचा मुद्दा, आणि इथेच मेसेज सगळ्यात जास्त चुकतो. १९८२ च्या संपात मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पगार थांबले, पुढे गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. तेव्हा कितीतरी घरांनी वडापावची गाडी लावली. बंगले कुणाचे झाले नाहीत. चूल पेटती राहिली, पोरांची शाळा सुटली नाही. गाडीला खरी अडचण असते ती भांडवलाची. २०२० मध्ये पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी कर्ज योजनेचं पहिलं कर्ज अवघं १० हजारांचं होतं. मावशींनी ते घेतलं आणि फेडलं. तेव्हापासून तेलाचा डबा त्या रोखीने आणतात. उधारीवर दुकानदार डब्यामागे पन्नास रुपये जास्त लावायचा.