दयाहांग राई पुटपुटतो, हा आक्षेप : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रंगभूमीवरून नेपाळी सिनेमात आलेल्या नटांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही सविस्तरच हवं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : नेपाळी सिनेमातला नायक दयाहांग राई याला रंगभूमीवर घडलेला नट म्हणणं ही भाबडी भक्ती आहे. तो शब्द खातो, आवाज लावत नाही. 'कबड्डी' या सिनेमापासून तोच भोळा गावरान नायक पुन्हा पुन्हा करतो. आणि 'सेतो सूर्य' हा त्याचा सिनेमा चांगला झाला तो दिग्दर्शक दीपक रौनियारमुळे.

आवाजापासून सुरुवात करू, कारण खरा मतभेद तिथेच आहे. नाटकातला नट म्हटलं की आपल्या कानात बालगंधर्व रंगमंदिर किंवा शिवाजी मंदिर वाजतं. मोठं प्रेक्षागृह, बाल्कनी, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारं वाक्य. दयाहांग ज्या मंडला थिएटरच्या संस्थापकांपैकी एक आहे, ते काठमांडूतलं छोटं नाट्यगृह. शिल्पी नाट्यगृह काय, रंगकर्मी सुनील पोखरेल यांचं पूर्वीचं गुरुकुल काय, त्या शहरातलं गेल्या दोन दशकांतलं बरंचसं महत्त्वाचं नाटक अशाच जागांत झालं. पहिली रांग नटापासून हातभर अंतरावर असते. तिथे गळ्याची शीर ताणली तरी दिसते आणि खोटा हुंदका लगेच पकडला जातो. आपल्याकडे तुलनाच करायची तर दादरच्या छबिलदास शाळेच्या छोट्या सभागृहातल्या प्रयोगांशी करावी लागेल. अशा जागेत घडलेला नट कॅमेऱ्यासमोर आला की त्याला आवाज फारसा खाली आणावा लागत नाही. तो मुळातच खाली असतो.

आता 'शब्द खातो' याबद्दल. दयाहांग नेपाळमधल्या भोजपूरचा, म्हणजे पूर्वेच्या डोंगरातल्या राई समाजाचा. तिथल्या राई, लिंबू अशा समाजांच्या किराती भाषा तिबेटी-बर्मी कुळातल्या, नेपाळीहून पार वेगळ्या. त्या भागातल्या नेपाळीला स्वतःचा हेल आहे. वाक्य शेवटाकडे सैल पडतं आणि आदरार्थी क्रियापदांचं काटेकोर बंधन पाळलं जात नाही. जुन्या नेपाळी सिनेमात हा हेल बहुतेक वेळा नोकराला किंवा हसण्यासाठी ठेवलेल्या पात्राला दिला जायचा, नायक मात्र स्वच्छ, पुस्तकी नेपाळी बोलायचा. दयाहांगने तो हेल नायकाच्या तोंडी आणला आणि त्यावर कुणाला हसू दिलं नाही. तुम्हाला जो आळस वाटतो, ती मेहनत आहे. 2012 च्या 'लूट'मधला त्याचा गोफ्ले आणि 'सेतो सूर्य'मधला चंद्र लागोपाठ ऐकून पाहा. दोघांचा वेग वेगळा आहे, श्वास कुठे घेतात तेही वेगळं आहे.

श्वासाचा मुद्दा जरा सोडवून सांगायला हवा. नेपाळी सिनेमात अनेक दशकं संवाद नंतर स्टुडिओत भरले जायचे. नट चित्रीकरणात डोंगर चढलेला असतो आणि डबिंगला थंड खोलीत माइकसमोर सरळ उभा असतो. ओठ जुळतात, पण छाती जुळत नाही, आणि सगळा प्रसंग पोकळ वाटू लागतो. रंगभूमीवर शिकलेला नट इथे शरीर वापरतो. वाक्याआधी गुडघे वाकवतो, पोटाचे स्नायू आवळतो, भार उचलल्यासारखे खांदे धरतो आणि मग बोलतो. आवाजात आपोआप तो चढ उतरतो. हे तालमीत रोज केलेलं असतं, म्हणून चटकन जमतं.

तुम्ही एक प्रसंग मागितला होता, तो 'सेतो सूर्य'मधलाच घेऊ. 2016 साली हा सिनेमा व्हेनिस चित्रपट महोत्सवाच्या 'ओरिझोंती' विभागात दाखवला गेला. चंद्र हा पूर्वीचा माओवादी लढवय्या, वडिलांच्या अंत्यसंस्कारासाठी गावी परतलेला. प्रेत खिडकीवाटे बाहेर काढतात आणि उभ्या उतारावरून नदीकडे नेतात. त्याचा भाऊ सूरज विरुद्ध राजकारणाचा. खांद्यावर बाप असताना दोघांचं जुंपतं आणि भाऊ ओझं सोडून निघून जातो. या चालण्यात दयाहांगची मान बघा. भार एका बाजूला आला की डोकं उलट्या बाजूला झुकतं, त्यामुळे भावाकडे त्याला नीट पाहताच येत नाही. बोलणंही तुटक होतं, कारण उतारावर पाय रोवताना माणूस श्वास धरून ठेवतो. राग चेहऱ्यावर काढायची त्याला गरजच पडत नाही. दिग्दर्शकाने प्रसंग रचला हे खरंच. पण मानेचा तो कोन संहितेत लिहिता येत नाही, आणि घेतलेल्या प्रत्येक टेकमध्ये तो तसाच ठेवणं हे नटाचं काम.

तेवढंच तांत्रिकही सांगतो. पूर्ण फ्रेमचा कॅमेरा, 85 मिमीची लेन्स, तिचं छिद्र एफ 2 म्हणजे बरंच उघडं आणि नट दोन मीटरवर असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम 6-7 सेंमीचा मिळतो. भावनेच्या भरात नट दहा सेंमी पुढे झुकला की डोळे धूसर आणि टेक वाया. शिवाय पेला कोणत्या शब्दावर उचलला हे प्रत्येक टेकमध्ये सारखं हवं, नाहीतर संकलनात तुकडे जुळत नाहीत. एकच नाटक आठवडेच्या आठवडे जवळपास रोज केलेल्या माणसाला ही शिस्त अंगवळणी पडलेली असते. याउलट नाटकवाल्यांचे ठरलेले दोषही आहेत : प्रत्येक हालचाल शेवटपर्यंत पूर्ण करणं, समोरच्याच्या वाक्यावर नुसतं आपली पाळी येण्याची वाट बघणं, हशा येईल म्हणून थांबणं.

हा शेवटचा दोष 'कबड्डी'च्या पुढच्या भागांत मलाही खटकतो. तुमच्या दुसऱ्या आक्षेपात म्हणूनच तथ्य आहे, फक्त त्याचं कारण वेगळं आहे. 2014 च्या पहिल्या 'कबड्डी'त उत्तर नेपाळच्या डोंगराळ मुस्तांगमधला काजी, म्हणजे दयाहांग, आते-मामे नात्यातल्या मैयाच्या मागे लागलेला असतो. अशा लग्नाची रीत आपल्याकडेही आहे, त्यामुळे त्याचा हट्ट मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. तिथली सोबत पाहा : बुद्धी तामांग, बिजय बराल. दोघंही नाटकातून आलेले. त्यांच्यातले संवाद असे एकमेकांत अडकतात की कोण कुणाला वाक्य देतंय ते कळत नाही. वर्षानुवर्षं एकत्र तालीम केल्याशिवाय हे येत नाही.

पण तो काजी चालला, आणि नेपाळी निर्मात्याचा पैसा मुख्यतः तिकीटबारीतूनच वसूल होतो, देशातल्या आणि परदेशातल्या नेपाळ्यांच्या. टीव्हीसारख्या इतर हक्कांचा आधार तोकडा. म्हणून विकलं गेलेलं रूप पुन्हा मागवलं जातं, 2022 च्या चौथ्या भागापर्यंत. नटाने नकार द्यावा, हे म्हणणं सोपं आहे. नाटकावर काठमांडूत घर चालत नाही. आणि आपल्यासारखे शनिवार-रविवारचे प्रयोग लावून मधल्या दिवसांत शूटिंग करायची सोयही तिथे नाही. नाटक लागलं की तालमींसकट सगळ्या संध्याकाळी त्यातच जातात, मुस्तांगला जाणं होत नाही.

तरीही तोच नट 2023 मध्ये उपेंद्र सुब्बांच्या 'जारी'त लिंबू समाजातला, बायको दुरावलेला नवरा करतो आणि त्या माणसाचा अहंकार जराही गोड करत नाही. तिथे तुमचा 'भोळा' कुठे आहे, ते मला दाखवा. आणि बिजय बरालसाठी 2024 चा 'पूर्णबहादुरको सारंगी' पाहा. 'कबड्डी'तला नायकाचा मित्र तिथे सारंगी वाजवून पोट भरणारा बाप झालाय आणि अख्खा सिनेमा त्याच्या खांद्यावर आहे. दोन्ही पाहून झाले की पुन्हा लिहा, आवाजाबद्दलसुद्धा.