ऑनक्रिएट फक्त ॲप उघडल्यावरच चालतं असं नाही
अँड्रॉइड ॲप बनवण्यावरच्या या लेखात म्हटलंय की ॲप्लिकेशनचं ऑनक्रिएट (onCreate, अँड्रॉइड स्वतःहून चालवतं ते सुरुवातीचं फंक्शन) म्हणजे युजरने ॲप उघडल्यावर चालणारा कोड, हे चुकीचं आहे. ॲपची प्रोसेस (मेमरीत चालू असलेलं ॲप) जिवंत नसेल तर नुसता पुश मेसेज किंवा अलार्म आला तरी अँड्रॉइड झायगोटपासून (आधीच तयार ठेवलेली मूळ प्रोसेस) नवी प्रोसेस काढतं, त्यात आधी कंटेंट प्रोव्हायडर (ॲपमधला डेटा पुरवणारा भाग), मग ऑनक्रिएट, शेवटी तुमचा रिसीव्हर (तो मेसेज किंवा अलार्म घेणारा भाग) चालतो, आणि स्क्रीन एकही उघडत नाही.

रावेरकडच्या शेतकऱ्यांसाठी आम्ही केळीच्या भावाचं ॲप केलं होतं, ऑनक्रिएटमध्ये नकाशा, जाहिराती सगळं कोंबलेलं, त्यामुळे सकाळी भावाचा मेसेज आला की २ जीबी रॅमवाले फोन पार अडकायचे. ते सगळं पहिल्या स्क्रीनवर नेलं तेव्हा कुठे जमलं. आणि काही लायब्रऱ्या कंटेंट प्रोव्हायडरमधून गुपचूप सुरू होतात, त्या मर्ज झालेल्या मॅनिफेस्टमध्ये (ॲप आणि लायब्रऱ्यांमधल्या अशा भागांची एकत्र यादी असलेली फाइल) बघाच, लेखात त्याचा उल्लेखच नाही.