आधी नाव सांगा

सिद्धेश्वर तलावाच्या काठी रोज सकाळी फिरायला जावे, म्हणजे रक्तदाब आटोक्यात राहील, असे डॉक्टरांनी मला सांगितले आणि तेव्हापासून तो चढता आहे. यात चालण्याचा काही दोष नाही. चालणे वीस मिनिटांत उरकते. त्यानंतर चहाच्या गाड्याशेजारच्या दोन बाकांवर जी लोकशाही भरते ती दीड तास चालते, आणि तिचा अध्यक्ष मी आहे. हे पद मला निवडणुकीने मिळालेले नाही. मी एकतीस वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले, त्यामुळे मला राज्यघटना तोंडपाठ असणार असा मंडळींचा समज आहे. शिवाय दोन्ही बाकांना माझा सारखाच संशय येतो, आणि अध्यक्ष होण्यासाठी एवढी पात्रता पुरते.

एका बाकाचे तोंड पूर्वेला आहे आणि दुसऱ्याचे पश्चिमेला. कोणते बाक कोणत्या पक्षाचे हे मी लिहिणार नाही. त्याचे एक कारण भीती हे आहे, आणि दुसरे असे की गेल्या काही वर्षांत पक्षच इतक्या वेळा इकडचे तिकडे सरकले की बाकांनाही दर सहा महिन्यांनी आपली मते नव्याने पाठ करावी लागतात.

माणसांना एकमेकांपासून वेगळे काढायचेच म्हटले, तर सोलापुरात त्यासाठी साधनांची वाण नाही. आमच्यातले एकजण घरी तेलुगू बोलतात, कारण त्यांचे आजोबा तेलंगणातून मागावर काम करण्यासाठी इथे आले आणि इथलेच झाले. अण्णा मूळचे अक्कलकोटचे, घरात कन्नड. 1967 साली महाजन आयोगाने अक्कलकोट कर्नाटकाला द्यावे असे सुचवले होते, ते घडले नाही, आणि म्हणूनच अण्णा आजही महाराष्ट्राच्या राजकारणावर हक्काने चिडू शकतात. भाईंची दखनी ऐकायला गोड आहे, पण संतापले की तेही कन्नडमध्ये शिरतात, कारण शिव्यांच्या बाबतीत ती भाषा अधिक सोयीची पडते असे त्यांचे मत आहे. इतके असूनही, शेंगाचटणी तेलातली खरी की दह्यातली, एवढ्या एकाच प्रश्नावर आमच्यात वर्षानुवर्षे फूट होती. चार हुतात्मा पुतळ्यांजवळून जाताना आम्ही सगळेच हात जोडतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे, या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात एकाच दिवशी फाशी दिली गेली, आणि त्यांच्यातला ‘आपला’ कोणता असे विचारण्याची छाती कोणालाही अजून झालेली नाही. ‘अजून’ हा शब्द मी विचारपूर्वक लिहिला आहे.

अशा मंडळींत तटस्थ राहणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच कळेल. रस्त्यात खड्डा आहे असे म्हटले की पश्चिमेचे बाक सरकून मला जागा करून देते; तो बुजवत आहेत असे म्हटले की पूर्वेचे बाक माझ्या चहाचे पैसे देते. एकदा मी, यंदा ऊन लवकर तापू लागले, एवढेच म्हणालो, तर दोन्ही बाके काही क्षण गप्प राहून माझ्याकडे पाहत राहिली आणि मग अण्णांनी विचारले, “म्हणजे नक्की कोणाकडं बोट दाखवायलास बे, सर?” (सोलापुरात ‘बे’ आणि ‘सर’ ही दोन संबोधने एकाच वाक्यात सुखाने नांदतात, आमच्या सहिष्णुतेचा हा एकच पुरावा सध्या माझ्यापाशी शिल्लक आहे.)

शेवटी मी एक प्रयोग करून पाहायचे ठरवले. बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासताना मुलाचे नाव दिसत नसे, त्यामुळे गुण देणारा हात निदान त्या कारणाने तरी डगमगत नसे. राजकारणाचेही तसेच करावे, म्हणजे नाव झाकून कृत्य सांगावे, आधी त्याची नीती ठरवावी आणि मग नाव उघडावे, असा विचार करून मी रात्री वहीच्या मागच्या पानांच्या चिठ्ठ्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी सदऱ्याच्या खिशात घालून तलावावर गेलो.

पहिली चिठ्ठी पक्षांतराची होती. “एक माणूस एका चिन्हावर निवडून आला आणि काही दिवसांत दुसऱ्या पक्षात गेला. हे नीतीला धरून आहे काय?” मी वाचले. प्रश्न सोपा आहे असे मला वाटले होते. दोन्ही बाकांवर शांतता पसरली. भाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. मग पूर्वेकडून आवाज आला, “आधी नाव सांगा.” पश्चिमेकडून लगेच अनुमोदन आले, “होय, नाव सांगा की.” त्या वर्षातला दोन्ही बाकांचा तो पहिला एकमताचा ठराव होता. नाव मिळणार नाही असे मी सांगितल्यावर त्यांनी निदान साल मागितले, मग राज्य मागितले, मग तो कुठून कुठे गेला एवढे तरी सांगा म्हणाले, आणि मी कशालाच बधत नाही असे पाहून अण्णांनी निकाल दिला की, तो तिकडे गेला असेल तर ती गद्दारी आहे आणि इकडे आला असेल तर त्याचा विवेक जागा झाला आहे.

माझ्यातला मास्तर अशा वेळी आवरत नाही. मी त्यांना 1967 सालची हरियाणाची गोष्ट सांगितली. तेथे गया लाल नावाच्या आमदाराने पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला आणि देशाला ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग मिळाला. मग 1985 साली 52 वी घटनादुरुस्ती होऊन दहावे परिशिष्ट आले. त्यात एकटा गेला तर त्याची जागा जाणार, परंतु एक तृतीयांश मिळून गेले तर ती ‘फूट’ म्हणून माफ, अशी सोय ठेवली होती. 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने ती सोय काढली. आता दोन तृतीयांश लागतात आणि त्याला ‘विलीनीकरण’ म्हणतात. “म्हणजे पाप एकट्यानं करू नये, वर्गणी काढून करावं,” असे तेलुगू मित्र म्हणाले. एकतीस वर्षांत हा धडा इतक्या थोडक्यात मला एकदाही शिकवता आला नाही.

दुसऱ्या चिठ्ठीवर मात्र मला यश येते आहे असे वाटले. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बजावले होते की, धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती आणि विभूतिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडेच नेते. हा आशय मी वाचून दाखवला आणि दोन्ही बाकांनी जोरजोराने माना हलवल्या. भाई तर “वाह” म्हणाले. माना हलत असताना पूर्वेचे बाक पश्चिमेकडे आणि पश्चिमेचे पूर्वेकडे रोखून पाहत होते, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आले.

म्हणून तिसऱ्या चिठ्ठीत मी परदेश गाठला. 23 जून 2016 रोजी ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडावे की नाही यावर सार्वमत झाले. सुमारे 52 टक्के ‘पडावे’ म्हणाले आणि 48 टक्के ‘राहावे’ म्हणाले. आता बावन्नांनी अठ्ठेचाळीसांचे भवितव्य ठरवणे न्याय्य काय? आणि काय आश्चर्य सांगावे, अर्धा तास ही माणसे एखाद्या न्यायासनासारखी बोलली. एवढा मोठा निर्णय निसटत्या बहुमताने घ्यावा का, नाही तर मग किती मतांनी घ्यावा, हरलेल्यांचे कोणी ऐकायचे, आपला गाव बदलून गेला असे वाटणाऱ्याला अडाणी म्हणणे बरोबर आहे का, तरुणांचे मत आणि म्हाताऱ्यांचे मत एकाच तागडीत तोलावे का, यावर अण्णा पश्चिमेच्या बाकाला “तुमचं बी खरंय” म्हणाले. मी हे शब्द स्वतःच्या कानांनी ऐकले. मग कोणी तरी सहज विचारले, “पण सर, त्यांच्यातले आपल्यासारखे कोणते?” त्यापुढची दहा मिनिटे मी वर्णन करू इच्छित नाही. लंडनचा एक टॉवेलही कधी न पाहिलेली माणसे लंडनसाठी एकमेकांच्या अंगावर धावली आणि एक पेला फुटला, ज्याचे पैसे अध्यक्षांनी भरले.

उठताना तेलुगू मित्र माझ्याबरोबर चालू लागले. त्यांचा जन्म चादरी विणण्यात गेला. ते म्हणाले, “आपली चादर बघितली ना तुम्ही? वरनं लाल जमिनीवर पांढरं फूल, उलटी केली की पांढऱ्या जमिनीवर लाल फूल. सूत दोन्हीकडं तेच असतंय. गिऱ्हाईक मात्र एकच बाजू वर करून अंथरतंय आन् ती सुलट म्हणतंय.” मला हे फारच पटले. अशा वेळी आपण कोणत्याच बाजूला नाही याचे जे समाधान वाटते, ते घेऊन मी घरी आलो आणि सगळी हकीकत पत्नीला जरा रंगवून सांगितली.

ती कोथिंबीर निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “मी एक चिठ्ठी सांगू का? नाव नाही सांगणार. गल्लीत पाणी चार दिवसांनी येतं. एक गृहस्थ नळाला थेट मोटार लावतात. त्यामुळं शेवटच्या घराची बादली भरत नाही. हे बरोबर आहे का?”

नाव न विचारता उत्तर देण्याची अशी संधी मी कशाला सोडतो? मी तेथेच खुर्चीत सरसावून बसलो आणि सांगितले की ही उघड चोरी आहे, शेजाऱ्याच्या घशातला घोट ओढून घेण्याचा हा प्रकार आहे, आणि जो माणूस नळाच्या तोटीपाशी नीती पाळत नाही त्याने तलावावर जाऊन लोकशाहीविषयी बोलू नये.

“माळ्यावरून मोटार तुम्हीच काढली होती, गेल्या खेपेला,” ती म्हणाली. “पाहुणे आले होते तेव्हा.”

मी तिला सांगितले की कोणत्याही कृत्याचा विचार परिस्थिती पाहून करावा लागतो. पाहुणे नऊ होते. शिवाय गल्लीतल्या बारा घरांपैकी आठ घरांत मोटारी आहेत, म्हणजे नेमके दोन तृतीयांश होतात, तेव्हा याला चोरी न म्हणता... तिने कोथिंबिरीच्या काड्या बाजूला केल्या आणि विचारले, “काय म्हणायचं मग?”

तेवढ्यात मोरीतल्या नळाने खोकल्यासारखा आवाज केला, त्यातून थोडी हवा फुसफुसली आणि बाहेर कोणी तरी “पाणी आलं!” अशी हाळी दिली. समोरच्या घरातून घुर्र असा आवाज सुरू झाला. ते पूर्वेच्या बाकाचे घर आहे. त्याला लागूनच दुसरा घुमू लागला, तो पश्चिमेचा. आमची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार आवाज बाहेर जाऊ नये म्हणून एका जुन्या चादरीच्या चौघडीखाली ठेवलेली असते. आमची तोटी तोवर करंगळीएवढी धार धरून पुन्हा कोरडी झाली होती. पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि मी तिच्याकडे पाहिले. दोन मिनिटांत टाकी भरू लागली. बटण कोणी दाबले, ते नाव मी येथे सांगणार नाही.