'होमिसाइड'च्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखाखाली 'स्पष्टवक्ता' या नावाने एका वाचकांनी चार ओळी टाकल्यात. ऑस्ट्रेलियाची ही जुनी पोलीस मालिका म्हणजे अमेरिकन मालिकांची नक्कल, स्टुडिओतलं आणि बाहेरचं शूटिंग धड जुळत नाही, आणि शेवटी, "बिचाऱ्यांना तेव्हा दुसरं बघायला होतं काय? म्हणून पाहिली लोकांनी, कौतुक कसलं त्यात!" वर तीन हसरे चेहरे. मतभेदाला माझी ना नाही हो, कधीच नव्हती, पण हे "बिचाऱ्यांना" कशासाठी? नाव स्पष्टवक्ता घेतलं की कुचकट बोलायचं लायसन्स मिळतं का?

तर, "दुसरं बघायला होतं काय". होतं ना साहेब, ढिगाने होतं! लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर हा प्रश्न पडलाच नसता. तिकडे टीव्ही आला १९५६ ला, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये मेलबर्नला चौथं चॅनेल सुरू झालं. होमिसाइडचा पहिला भाग २० ऑक्टोबर १९६४ चा, चॅनेल सेव्हनवरचा. म्हणजे लोकांच्या हातात चार चॅनेल होते, आणि त्यांच्यावर लागायचं काय, तर अमेरिकन माल. ऑस्ट्रेलियाचेच सिनेटर व्हिन्सेंट, त्यांच्या समितीचा १९६३ चा अहवाल आहे, त्यात टीव्हीवरच्या नाट्य कार्यक्रमांपैकी ९७ टक्के आयात केलेले, बहुतेक अमेरिकेतून, असं स्वच्छ लिहिलंय. सत्त्याण्णव! त्या मालिकांचा खर्च त्यांच्या घरीच निघालेला असायचा, त्यामुळे ऑस्ट्रेलियात त्या स्वस्तात मिळायच्या आणि चॅनेलवाल्यांना स्वतः काही बनवायची गरजच वाटायची नाही. एवढा चकचकीत माल समोर असताना लोकांनी ही मालिका डोक्यावर घेतली, १९७७ पर्यंत चालली ती, ५०० च्या वर भाग झाले. एवढी वर्षं कोणी नाइलाजाने बघतं होय?

का बघितली ते टायटल्स बघून कळतं. रसेल स्ट्रीटच्या पोलीस हेडक्वार्टरसमोर गाडी येऊन थांबते, हॅट घातलेले डिटेक्टिव्ह खाली उतरतात. मेलबर्नकरांनी ही इमारत येता-जाता पाहिलेली, बोलणं त्यांचंच, गल्ल्या त्यांच्याच. तोवर टीव्हीवरचा खून न्यूयॉर्क नाहीतर लॉस एंजेलिसमध्ये व्हायचा, आता तो आपल्या मागच्या गल्लीत व्हायला लागला, हा फरक केवढा मोठा आहे! आणि ही मालिका बनवणारे हेक्टर क्रॉफर्ड आणि त्याची बहीण डोरोथी ही काही हौशी मंडळी नव्हती, रेडिओवर मुरलेली माणसं ती, व्हिक्टोरिया पोलिसांच्या मदतीने 'डी-ट्वेंटीफोर' ही रेडिओ मालिका त्यांनी आधीच करून ठेवली होती.

शूटिंग जुळत नाही, हे मान्य. मी कशाला नाही म्हणू, दिसतंच ते. आतले सीन स्टुडिओत व्हिडिओ टेपवर, बाहेरचे १६ एमएम फिल्मवर, त्यामुळे माणूस दारातून बाहेर पडला की चित्राचा पोतच बदलतो. पण मी स्वतः तरुणपणी तीन कॅमेऱ्यांच्या स्टुडिओत फ्लोअरवर केबल ओढलीय, कॅमेरा मागे सरकला की केबल पायात येऊ नये म्हणून वाकून वाकून पाठीचा काटा ढिला व्हायचा, आणि सीनच्या शेवटी कोणी वाक्य विसरलं की सगळं पहिल्यापासून, कारण दोन इंची टेप कापून जोडायची म्हणजे ब्लेडचं काम, जो तो टाळायचा. त्यामुळे खुर्चीत बसून मोबाइलवर जुना भाग बघून "जुळत नाही" म्हणणाऱ्यांचं मला फार काही वाटत नाही. राग आला तर येऊ दे.

नक्कल-बिक्कलवर मी वाद घालत बसणार नाही. खून होतो, इन्स्पेक्टर येतो, चौकशी होते, पोलीस मालिकेत दुसरं काय दाखवणार? सत्यनारायण? आधी एक अख्खा भाग बघा, मग लिहा, तेव्हा सविस्तर बोलू.